आर्णीहून न्यूयॉर्क किती लांब? हवाई अंतर आणि खरा प्रवासवेळ काढायची रीत

नागपूरहून पहाटे ४ ला विमान सुटते आणि त्याच तारखेला दुपारी ३.३० ला न्यूयॉर्कला उतरते, असे तिकिटावर दिसले की घरातले सगळे हिशेब करतात: साडेअकरा तास. एवढ्या वेळात तर ट्रॅव्हल्सने पुण्यालाही पोचणे होत नाही! प्रत्यक्षात त्या तिकिटात २१ तासांचा प्रवास आहे, आणि यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णीच्या घराला कुलूप लावल्यापासून मोजले तर सुमारे ३१ तासांचा. हा फरक कुठून येतो आणि तिकीट काढण्याआधीच तो कसा काढायचा, हे खाली क्रमाने दिले आहे. उदाहरण नागपूर–न्यूयॉर्कचे घेतले आहे, पण रीत कोणत्याही दोन विमानतळांना लागू पडते.

१. आधी विमानतळ पक्के करा, शहर नव्हे

प्रत्येक विमानतळाला तीन अक्षरी कोड असतो. नागपूरचा एनएजी, दिल्लीचा डीईएल, हैदराबादचा एचवायडी. अंतर, वेळ, तिकीट सगळे या कोडवर चालते. शहराच्या नावावर विसंबलात तर घोळ होतो, कारण एका शहराला अनेक विमानतळ असू शकतात. न्यूयॉर्कसाठी जेएफके, नेवार्क म्हणजे ईडब्ल्यूआर आणि लाग्वार्डिया म्हणजे एलजीए असे तीन आहेत. घ्यायला येणारा नातेवाईक जेएफकेला उभा आणि तुम्ही नेवार्कला उतरलात, तर मध्ये अख्खे न्यूयॉर्क शहर पडते.

आता हाच प्रकार मुंबईतही झाला आहे. नवी मुंबई विमानतळावरून डिसेंबर २०२५ मध्ये उड्डाणे सुरू झाली आणि त्याचा कोड एनएमआय आहे. जुन्या मुंबई विमानतळाचा कोड बीओएम. नागपूरहून येणारे विमान एनएमआयला उतरणार असेल आणि परदेशचे विमान बीओएमहून सुटणार असेल, तर सामान घेऊन मुंबईची वाहतूक पार करावी लागते. तिकिटावर दोन्ही ठिकाणी फक्त 'मुंबई' दिसले तरी कोड वाचल्याशिवाय पैसे भरू नका.

२. सरळ हवाई अंतर काढा

पृथ्वी गोल आहे, त्यामुळे दोन ठिकाणांमधला सर्वांत जवळचा मार्ग भिंतीवरच्या नकाशावर पट्टीने आखता येत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत पृथ्वीगोल असतोच. त्यावर नागपूर आणि न्यूयॉर्क यांच्यामध्ये दोरा ताणून धरा. दोरा अरबस्तानावरून पश्चिमेला जात नाही. तो नागपूरहून जवळजवळ उत्तरेकडेच निघतो, दिल्लीच्या जवळून जातो, रशियाच्या वायव्य भागाकडे सरकतो, ६९ अंश उत्तर अक्षांशाच्याही थोडा वर चढतो आणि मग कॅनडावरून खाली उतरतो. या मार्गाला बृहद्वृत्त म्हणतात.

किलोमीटर काढायचे दोन सोपे मार्ग आहेत. 'ग्रेट सर्कल मॅपर' नावाच्या संकेतस्थळावर दोन्ही कोड मध्ये आडवी रेघ देऊन टाका, अंतर आणि वक्र मार्ग दोन्ही मिळतात. किंवा गुगल मॅप्समध्ये विमानतळावर बोट दाबून ठेवा, पिन पडली की 'अंतर मोजा' निवडा आणि नकाशा दुसऱ्या विमानतळापर्यंत सरकवा. एकक तपासा. १२,६०० किलोमीटर म्हणजे सुमारे ७,८३० मैल आणि सुमारे ६,८०० सागरी मैल. तिन्ही आकडे बरोबर असतात, पण एकात दुसरा मिसळला की पुढचा सगळा हिशेब बिघडतो.

हाताने पडताळायचे असेल तर दहावी-बारावीचे त्रिकोणमितीचे ज्ञान पुरते. सूत्र असे:

कोस(कोन) = साइन(पहिला अक्षांश) × साइन(दुसरा अक्षांश) + कोस(पहिला अक्षांश) × कोस(दुसरा अक्षांश) × कोस(रेखांशांतला फरक)

नागपूर विमानतळ २१.०९ उत्तर, ७९.०५ पूर्व. जेएफके ४०.६४ उत्तर, ७३.७८ पश्चिम. पश्चिम रेखांश उणे धरायचा, म्हणून फरक ७९.०५ + ७३.७८ = १५२.८३ अंश. पहिला गुणाकार ०.२३४४ येतो, दुसरा उणे ०.६२९८. बेरीज उणे ०.३९५४. त्याचा व्यस्त कोस काढला की ११३.३ अंश. एका अंशाला १११.२ किलोमीटर, म्हणून अंतर सुमारे १२,६०० किलोमीटर.

इथे दोन चुका हमखास होतात. फोनचा कॅल्क्युलेटर 'रेडियन'वर असतो आणि उत्तर भलतेच येते. सुरुवातीला साइन ३० टाकून पाहा, ०.५ आले तर पुढे जा. दुसरी चूक म्हणजे पश्चिमेचे उणे चिन्ह विसरणे. तसे केलेत तर अंतर २,२०० किलोमीटरच्या आसपास येते, म्हणजे तुम्ही न्यूयॉर्कऐवजी किर्गिझस्तानात पोचलेले असता.

३. थांब्यासह अंतर: कोणत्या बाजूने जायचे

नागपूरहून न्यूयॉर्कला थेट विमान नाही. कुठेतरी बदलावे लागणार, आणि तो थांबा कुठे आहे यावर अंतर ठरते. प्रत्येक टप्पा वेगळा काढून बेरीज करा.

दोहामार्गे: नागपूर–दोहा २,८४० आणि दोहा–जेएफके १०,७७०, मिळून १३,६१०. सरळ अंतरापेक्षा सुमारे १,००० किलोमीटर जास्त.
मुंबईमार्गे: ६८३ आणि १२,५३०, मिळून सुमारे १३,२१५.
दिल्लीमार्गे: ८५४ आणि ११,७५५, मिळून सुमारे १२,६१०.

दिल्लीचा आकडा सरळ अंतराएवढाच येतो, कारण दिल्ली वाटेतच पडते. पण हा कागदावरचा हिशेब झाला. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपली हवाई हद्द बंद केली आणि ती बंदी महिन्यामहिन्याने वाढवली. त्यामुळे दिल्लीहून पश्चिमेला निघालेल्या भारतीय विमानांना गुजरात, अरबी समुद्राकडून वळसा घ्यावा लागतो. अमेरिकन कंपन्यांची विमाने २०२२ पासून रशियावरून जात नाहीत. म्हणजे एकाला एक दार बंद, दुसऱ्याला दुसरे. म्हणूनच एकाच दिल्ली–न्यूयॉर्क अंतरासाठी दोन कंपन्यांचे तास वेगवेगळे दिसतात. आखातातही असे होते: २३ जून २०२५ ला कतारने हवाई हद्द काही तास बंद ठेवली आणि दोह्यात विमान बदलणाऱ्यांचे सगळे वेळापत्रक कोसळले. तिकीट काढायच्या आठवड्यात त्या मार्गाची स्थिती आणि नागपूरहून ती सेवा चालू आहे की नाही, हे कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर बघून घ्या.

दिशा किती महत्त्वाची आहे ते ऑस्ट्रेलियाच्या उदाहरणात जास्त स्पष्ट दिसते. नागपूर–मेलबर्न सरळ अंतर सुमारे ९,४८० किलोमीटर. दिल्लीमार्गे गेलात तर ८५४ आणि १०,१९० मिळून ११,००० च्या वर जाते, म्हणजे दीड हजार किलोमीटर फुकट. आधी उत्तरेला जायचे आणि मग परत आपल्याच डोक्यावरून दक्षिणेला यायचे! हैदराबाद आणि सिंगापूरमार्गे मात्र ४३३, ३,३०० आणि ६,०३०, मिळून ९,७६० च्या आसपास. विमान एकदा जास्त बदलावे लागते, पण वळसा ३०० किलोमीटरपेक्षा कमी. गडचिरोली जिल्ह्यातल्या सिरोंचा, अहेरीकडच्या माणसाला तर हा मार्ग आणखी सोयीचा, कारण सिरोंच्याहून रस्त्यानेही नागपूरपेक्षा हैदराबाद जवळ आहे. तसेच बुलडाण्याच्या माणसाने नागपूरचा हट्ट न धरता छत्रपती संभाजीनगरहून मुंबई किंवा दिल्ली गाठता येते का ते पाहावे. अमरावतीजवळच्या बेलोऱ्याहूनही एप्रिल २०२५ मध्ये मुंबईची सेवा सुरू झाली, पण ती छोट्या विमानांची आहे. आठवड्यातले कोणते दिवस ते आधी बघा आणि मगच पुढचे तिकीट जुळवा.

४. किलोमीटरचे तास करा

मोठे जेट विमान साधारण ९०० किलोमीटर ताशी वेगाने जाते, पण चढताना-उतरताना वेग कमी असतो आणि धावपट्टीपर्यंत रांगेत सरकण्यातही वेळ जातो. तिकिटावरचा वेळ दारापासून दारापर्यंतचा, म्हणजे विमान गेट सोडते तिथपासून दुसऱ्या गेटला लागेपर्यंतचा असतो. म्हणून कामापुरते सूत्र: किलोमीटर भागिले ८५०, अधिक ४० मिनिटे.

नागपूर–दिल्ली: एक तास आणि ४० मिनिटे. वेळापत्रकात साधारण एवढेच दिसते. नागपूर–दोहा: ३ तास २० मिनिटे अधिक ४० मिनिटे, म्हणजे ४ तास. दोहा–न्यूयॉर्क या सूत्राने १३ तास २० मिनिटे येते, पण वेळापत्रकात १४ तासांच्या आसपास असते. परतताना तेच अंतर साधारण साडेबारा तासांत कापले जाते.

कारण वरचा वारा. १० ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जोरदार पट्टा असतो, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात तो जास्त जोरात असतो आणि त्याचा वेग २०० किलोमीटर ताशीच्याही वर जाऊ शकतो. अमेरिकेकडे जाताना तो समोरून लागतो, येताना पाठीशी असतो. म्हणून १०,००० किलोमीटरच्या वरच्या टप्प्याला पश्चिमेकडे जाताना ४०-४५ मिनिटे वाढवा, पूर्वेकडे येताना तेवढीच वजा करा. छोट्या टप्प्याला याची गरज नाही. आणि एटीआरसारख्या पंख्याच्या विमानाला ८५० ने भागू नका, ती ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास चालतात.

५. घड्याळ जुळवा

तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या-त्या गावची स्थानिक वेळ असते. सुटण्याची नागपूरची, उतरण्याची न्यूयॉर्कची. दोन वेळांची थेट वजाबाकी केलीत की साडेअकरा तासांचा भ्रम होतो. सगळ्या वेळा आधी भारतीय वेळेत लिहा, मग मोजा.

दोहा आपल्या मागे अडीच तास. न्यूयॉर्क उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे, हिवाळ्यात साडेदहा. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिथे घड्याळ एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागे. मेलबर्न आपल्या पुढे साडेचार तास, आणि ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारपासून एप्रिलच्या पहिल्या रविवारपर्यंत साडेपाच.

आता वरचे तिकीट सोडवून बघू, उन्हाळ्यातले धरून:

पहाटे ४.०० – नागपूरहून निघाले.
सकाळी ८.०० – दोहा. तिथल्या घड्याळात ५.३०.
तीन तास थांबा. सकाळी ११.०० – दोहा सोडले. तिथे ८.३०.
१४ तास. आपल्याकडे मध्यरात्रीनंतर १.०० – न्यूयॉर्क. तिथे अजून आदल्याच तारखेची दुपार, ३.३०.

आपल्या घड्याळाने पहाटे ४ ते दुसऱ्या दिवशीचा १ म्हणजे २१ तास. तेच तिकीट डिसेंबरचे असेल तर तेवढ्याच प्रवासाला उतरण्याची वेळ २.३० दिसेल आणि तास वाचला असे वाटेल. वाचलेला काही नसतो.

सगळ्यात महाग पडणारी चूक तारखेची. १५ तारखेला ००.३० वाजताचे विमान म्हणजे १४ तारखेची रात्र. १५ ला रात्री जेवण करून निघणारा माणूस चोवीस तास उशिरा पोचतो आणि तिकीट बुडते. मध्यरात्र ते पहाटे ५ च्या दरम्यानचे कोणतेही तिकीट असेल तर कागदावर स्वतःच्या हाताने लिहून ठेवा: 'घरून निघायचे अमुक वारी संध्याकाळी'. तिकिटावर उतरण्याच्या वेळेपुढे '+१' असेल तर ती पुढची तारीख.

६. थांबा किती ठेवायचा

दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर आहेत की वेगवेगळ्या तिकिटांवर, हा इथला खरा प्रश्न. एकाच पीएनआरवर असतील तर पहिले विमान उशिरा आल्यास पुढची सोय करणे कंपनीचे काम. वेगळी तिकिटे असतील तर पुढचे विमान सुटले की ते पैसे गेले, आणि ऐनवेळचे नवीन तिकीट स्वतःच्या खिशातून.

एका पीएनआरवर दोह्यासारख्या ठिकाणी दोन-तीन तास पुरतात, कारण इमिग्रेशन नागपूरलाच झालेले असते आणि तिथे फक्त सुरक्षा तपासणी करून गेट गाठायचे असते. दिल्ली किंवा मुंबईत देशांतर्गत विमानातून उतरून परदेशच्या विमानात बसायचे असेल तर चार तास धरा. टर्मिनल बदलू शकते आणि इमिग्रेशनची रांग तिथे लागते. वेगळ्या तिकिटांवर आठ तासांपेक्षा कमी ठेवू नका. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीच्या पहाटेच्या धुक्याने विमाने तासन्‌तास अडकतात, तेव्हा आदल्या दिवशीच दिल्ली गाठलेली बरी. नागपूर किंवा वर्ध्याहून रेल्वेने मुंबईला जाऊन विमान धरणाऱ्यांनाही हेच लागू. गाडी १२ ते १५ तासांची म्हणून मोजू नका, अख्खा एक दिवस मध्ये ठेवा.

वेगळ्या तिकिटांची आणखी एक गोम सामानात आहे. अमेरिकेच्या तिकिटावर बहुधा २३ किलोच्या दोन बॅगा चालतात, पण वेगळ्या काढलेल्या नागपूर–मुंबई तिकिटावर साधारण १५ किलोच. उरलेल्या किलोंचे पैसे काउंटरवर मोजावे लागतात, आणि तो काही सांडगे-पापडांचा भाव नसतो.

न्यूयॉर्कहून पुढे शिकागो, डॅलस असे जायचे असेल तर बॅगेवर शेवटच्या शहराचा टॅग असला तरी अमेरिकेतल्या पहिल्या विमानतळावर ती पट्ट्यावरून उचलून, कस्टम पार करून पुन्हा जमा करावी लागते. तिथे तीन तास हवेतच. काही देशांत नुसते विमान बदलायलाही ट्रान्झिट व्हिसा लागतो. दोनशे-चारशे किलोमीटरचा वळसा वाचवायला नवा थांबा निवडण्याआधी हे त्या देशाच्या दूतावासाच्या संकेतस्थळावर तपासा.

७. गाव ते विमानतळ

आर्णी–नागपूर रस्ता यवतमाळ, कळंब, देवळी, वर्धा, बुटीबोरी असा, सुमारे १९० किलोमीटर. विमानतळ वर्धा रोडवर सोनेगावला आहे, त्यामुळे या बाजूने येणाऱ्यांना शहरात शिरावे लागत नाही. गाडीने साडेतीन-चार तास. एसटीला त्याहून जास्त, आणि रात्रीची शेवटची बस विमानाच्या वेळेशी जुळेलच असे नाही. उलटे मोजा: विमान पहाटे ४ ला, परदेशासाठी तीन तास आधी म्हणजे १ ला पोचायचे, चार तास रस्ता, एक तास पंक्चर, फाटक, चहा यांचा. म्हणजे आदल्या रात्री ८ ला घर सोडायचे. चेक-इन काउंटर बहुतेक कंपन्या एक तास आधी बंद करतात, त्यानंतर ओळख-पाळख चालत नाही. रात्री मेट्रो नसते, तेव्हा रेल्वे स्टेशन किंवा बसस्थानकावरून येणाऱ्याने ऑटो किंवा टॅक्सी आधीच ठरवावी.

पावसाळ्यात एक तासाची सूट पुरत नाही. गडचिरोलीत पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ताच तुटतो, आणि लहान नाल्यांवरचे रपटे तर तासाभराच्या पावसातही बुडतात. जुलै ते सप्टेंबर या काळात आतल्या गावच्या माणसाने आदल्या दिवशी दुपारीच नागपुरात मुक्कामाला यावे.

रात्री ८ ला घर सोडले, आपल्या वेळेने तिसऱ्या तारखेला १ ला न्यूयॉर्कला उतरले: २९ तास. तिथले इमिग्रेशन आणि बॅगा यांना दीड-दोन तास. झाले ३१.

परतीचा हिशेब

येताना वारा पाठीशी असतो, पण तारीख अंगावर येते. समजा उन्हाळ्यात १० तारखेला रात्री ८ ला जेएफके सोडले. आपल्याकडे तेव्हा ११ तारखेची पहाट, ५.३०. साडेबारा तासांनी म्हणजे ११ च्या संध्याकाळी ६ ला दोहा, तिथल्या घड्याळात ३.३०. साडेचार तास थांबून आपल्या वेळेने रात्री १०.३० ला पुढचे विमान, आणि नागपूरला १२ तारखेला मध्यरात्रीनंतर अडीचच्या आत-बाहेर. म्हणजे १० ला निघालेला मुलगा १२ ला उतरतो, आणि त्याला आणायला आर्णीची गाडी ११ तारखेच्या रात्री साडेनऊला निघायला हवी. गाडीवाल्याला तारीख सांगताना वारासकट सांगा, आणि सामान मिळून बाहेर यायला तासभर लागेल हेही.